नाशिकहून बेंगळुरूला, मुलांसह: एरियाच्या आधी काय ठरवायचं

प्रश्न थोडक्यात असा: नोकरीमुळे नाशिकहून बेंगळुरूला जायचं आहे. ऑफिस आऊटर रिंग रोडवर, मारतहळ्ळीजवळ. आठवड्यातले तीन दिवस हजेरी. मुलगी स्टेट बोर्डाच्या सेमी-इंग्लिशमध्ये सातवीत. मुलगा सीनियर केजीत, जन्म ऑक्टोबर २०२०. जून २०२६ पर्यंत बस्तान हलवायचं. ‘फॅमिलीसाठी चांगला एरिया कोणता, एचएसआर लेआऊट, व्हाईटफील्ड की सर्जापूर रोड?’

यातलं एक नाव सांगून मोकळं होता येईल, पण त्याने तुमचं काम होणार नाही. व्हाईटफील्डमध्ये एका गल्लीत कावेरीचं नळाचं पाणी असतं आणि मागच्याच गल्लीत बारमाही टँकर. सर्जापूर रोड तर नावाप्रमाणे रस्ताच आहे. त्याच्या शहराकडच्या टोकाला राहणाऱ्याचा दिवस आणि पलीकडच्या टोकाला राहणाऱ्याचा दिवस यांची तुलनाच होत नाही. कुटुंबाला खरं तर लागते एक शाळा, तिच्या बसचा एक रूट आणि त्या रूटवरच्या चार-सहा इमारती. शोध याच क्रमाने घ्या. बहुतेक जण उलट करतात: ऑफिसजवळ घर पसंत पडतं, डिपॉझिट जातं, मग शाळेची शोधाशोध सुरू होते, आणि आठवीत जागा मिळते ती बारा किलोमीटरवर, रिंग रोडच्या पलीकडे.

पण शाळेच्याही आधी, राज्य बदललं म्हणून दोन्ही मुलांच्या बाबतीत जे बदलतं ते बघून घ्या.

मुलाचं वय. पहिलीसाठी ६ वर्षं पूर्ण असावी लागतात हे बहुतेक राज्यांत सारखं, पण ती कोणत्या तारखेला मोजायची हे राज्याराज्यात वेगळं. महाराष्ट्रात ३१ डिसेंबर धरतात, कर्नाटकात १ जून. ऑक्टोबर २०२० चा मुलगा नाशिकमध्ये जून २०२६ ला पहिलीत बसेल. बेंगळुरूत १ जूनला तो ५ वर्षं ७ महिन्यांचा, म्हणजे पुन्हा यूकेजी, आपली सीनियर केजी. २०२५-२६ साठी कर्नाटकाने ५ वर्षं ५ महिन्यांपर्यंत सवलत दिली होती. तशी पुन्हा मिळेल या भरवशावर बेत आखू नका. केंद्रीय विद्यालयाचा विचार असेल तर तिथे ३१ मार्चला ६ पूर्ण हवेत, त्यामुळे तिथेही तेच. घरच्यांना ‘वर्ष वाया गेलं’ असं वाटतं. तसं ते नसतं. नवी भाषा कानावर पडायला या वयात एक जादा वर्ष मिळालं तर मुलाचा फायदाच आहे. खरी अडचण वेगळी आहे. बेंगळुरूतल्या शाळा मोठी भरती नर्सरीला किंवा एलकेजीला करतात, यूकेजीला फक्त गळतीतून रिकाम्या झालेल्या जागा असतात. त्यामुळे ‘पहिलीला जागा आहेत का’ असं विचारू नका, जन्मतारीख सांगून ‘याला तुम्ही कुठल्या वर्गात घ्याल आणि तिथे जागा आहे का’ असं विचारा.

मुलीचं प्रकरण जास्त गंभीर आहे, आणि त्याकडे बारावीपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी रहिवासी दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. कर्नाटकात सरकारी कोट्याच्या जागांसाठी मुख्य अट म्हणजे पहिली ते बारावीत किमान ७ वर्षं कर्नाटकातल्या शाळेत काढलेली असणं. आठवी ते बारावी ही होतात ५. म्हणजे मुलगी दोन्हीकडून बाहेर पडते. मेडिकलसाठी उरतो सरकारी कॉलेजांतला १५ टक्के अखिल भारतीय कोटा आणि खासगी वा अभिमत विद्यापीठांची महागडी फी. पालकांपैकी कुणी स्वतः कर्नाटकात शिकलेलं असेल किंवा नोकरी सैन्यात वा केंद्राच्या सेवेत असेल, तर वेगळी कलमं लागू होऊ शकतात. तुलनेसाठी, तेलंगणात पात्रता परीक्षेपर्यंतची सलग ४ वर्षं तिथे शिकलेली चालतात. हीच मुलगी हैदराबादला आठवीत गेली तर बारावीपर्यंत तिथली स्थानिक ठरते. इंजिनिअरिंगला एवढं कडक नाही: महाराष्ट्राच्या सीईटीत आई किंवा वडिलांच्या रहिवासी दाखल्यावरही राज्याचा उमेदवार धरतात. तर मुलीच्या डोक्यात डॉक्टरकीचं जरा जरी असेल, तर एरियाच्या चर्चेआधी घरात ही चर्चा व्हावी. निघण्यापूर्वी नाशिकमधून दोन्ही मुलांचे आणि स्वतःचे वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचे दाखले काढून ठेवा. नंतर सेतू केंद्राच्या फेऱ्या हजार किलोमीटरवरून माराव्या लागतात. जातीच्या दाखल्याचंही तसंच. अनुसूचित जाती-जमातीचं राज्यातलं आरक्षण स्थलांतर करणाऱ्याला नव्या राज्यात मिळत नाही, केंद्राच्या संस्थांत मिळतं; म्हणून जातवैधतेची कागदपत्रं इथलीच पूर्ण करून घ्या.

आता शाळा.

मुलीला आठवीत नेताय ते वेळेत आहे. सीबीएसईत नववी-दहावी आणि अकरावी-बारावी हे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम धरतात. नववीत बोर्डाकडे नोंदणी होते आणि थेट दहावीत किंवा बारावीत घ्यायचं तर बदलीसारखं सबळ कारण आणि बोर्डाची परवानगी लागते. आठवीत गेलेल्या मुलीला निदान एक वर्ष श्वास घ्यायला मिळतो. सेमी-इंग्लिशमधून येणाऱ्या मुलांचं गणित-विज्ञान इंग्रजीत झालेलं असतं, त्यामुळे पालक तिथे निर्धास्त असतात आणि खासगी शिकवणी लावतात तीही गणिताचीच. अडतं ते इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्राला. ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ ज्या मुलीला झोपेत विचारला तरी येतो, ती इंग्रजीत तेच लिहायला बसली की दोन ओळींवर थांबते. उन्हाळ्याच्या सुट्टीत सातवीचंच एनसीईआरटीचं सामाजिक शास्त्राचं पुस्तक रोज चार पानं मोठ्याने वाचून घ्या, आणि प्रत्येक धड्यातले दोन प्रश्न लिहून घ्या. एवढ्याने काम भागतं.

भाषेची दुसरी बाजू म्हणजे कन्नड. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने शाळांत कन्नड शिकवणं सक्तीचं आहे. तेलंगणात तेलुगू, तमिळनाडूत तमिळ, गुजरातेत गुजराती, आणि आपल्याकडे २०२० पासून मराठी, असे कायदे आता बऱ्याच राज्यांत आहेत. मुलगा कन्नड सहज शिकेल. मुलीसाठी मात्र प्रवेशाच्या वेळी तीन गोष्टी लेखी विचारा: आठवीत कन्नड दुसरी भाषा आहे की तिसरी, बाहेरून आलेल्या मुलांना मुळाक्षरांपासून शिकवणारा वेगळा तास आहे का, आणि नववीला दुसरी भाषा म्हणून हिंदी, संस्कृत यांपैकी या शाळेत प्रत्यक्ष काय शिकवतात. मराठी सीबीएसईच्या विषययादीत आहे खरी, पण ती शिकवणारी शाळा बेंगळुरूत मिळेल असं गृहीत धरू नका.

शाळा खरी आहे का हे बघायला अर्धा तास पुरतो. सीबीएसईच्या ‘सारस’ पोर्टलवर शाळेचं नाव टाका आणि संलग्नता कुठल्या इयत्तेपर्यंत आहे आणि कधी संपते ते वाचा. दहावीपर्यंतचीच संलग्नता असलेली शाळा ‘अकरावीची प्रक्रिया चालू आहे’ म्हणते, तेव्हा तिच्याकडे अकरावी नाही असंच समजा. ‘सीबीएसई पॅटर्न’ असं लिहिलेली पाटी म्हणजे संलग्नता नाही. मग शाळेच्या वेबसाइटवर ‘मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर’ नावाचं पान उघडा. संलग्न शाळेला ते ठेवावंच लागतं. त्यात इमारत सुरक्षेचा आणि अग्निशमनाचा दाखला, फीचा तक्ता, शिक्षकांची संख्या आणि मागच्या वर्षांचे दहावी-बारावीचे निकाल असतात. अग्निशमन दाखल्याची तारीख उलटून गेलेली असेल तर तिथेच विचारा. शिक्षकांच्या आकड्याला वर्गखोल्यांच्या संख्येशी ताडून पाहा. पटत नसेल तर निम्मे शिक्षक तात्पुरते असण्याची शक्यता आहे.

वेळापत्रकाचा घोळ लक्षात ठेवा. आवडती शाळा आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून अर्ज घेते. सीबीएसईचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. बेंगळुरूतल्या काही शाळा तेव्हाच वर्ग भरवतात, काही मे-अखेरीला किंवा जूनमध्ये. आपल्या स्टेट बोर्डाच्या शाळेचा निकाल लागून शाळा सोडल्याचा दाखला हातात यायला मे उजाडतो. तेव्हा नव्या शाळेकडून ‘दाखला अमुक तारखेपर्यंत द्यावा’ अशी मुदत लेखी घ्या. दाखल्यात जन्मतारीख अक्षरी असावी, नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळावं आणि ‘सातवी उत्तीर्ण, आठवीस पात्र’ असं स्पष्ट असावं. राज्य आणि बोर्ड दोन्ही बदलत असल्यामुळे नवी शाळा त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागते; ती जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागातून मिळते, तिथे एक-दोन चकरा धरून चाला. आणि दाखल्याइतकंच महत्त्वाचं, पण कुणी सांगत नाही ते: यूडायस प्लस या केंद्राच्या शाळा-नोंदणी पोर्टलवर प्रत्येक विद्यार्थ्याचा कायम शिक्षण क्रमांक असतो. जुन्या शाळेने तिथून विद्यार्थी सोडला नाही तर नव्या शाळेला तो आपल्या पटावर घेता येत नाही आणि नववीच्या नोंदणीच्या सुमाराला फोनाफोनी सुरू होते. दाखला घ्यायला जाल त्याच दिवशी तो क्रमांक लिहून घ्या, आणि ‘पोर्टलवर रिलीज केलं का’ ते कारकुनाच्या समोर बसून बघा.

शाळा दोन-तीनवर आली की बसचा रूट मागा. किलोमीटर विचारू नका. ‘पहिला थांबा किती वाजता, शेवटचा किती वाजता, आमचा थांबा कितवा’ हे विचारा. सहा किलोमीटरवरची शाळा, पण थांबा पहिला असेल तर मूल तासभर बसमध्ये असतं. नऊ किलोमीटरवरची शाळा, पण थांबा शेवटून दुसरा असेल तर पंचवीस मिनिटांत पोचतं. मुलासाठी एका बाजूने अर्धा तास आणि मुलीसाठी पाऊण तास ही वरची मर्यादा धरा. त्यापुढे गेलं की संध्याकाळचं खेळणं बंद होतं, आणि मुलं नव्या शहरात मित्र जोडतात ते संध्याकाळच्या खेळातच. दोन्ही मुलं एकाच शाळेत असणं बेंगळुरूत चैन नव्हे, गरज आहे. दोन शाळा म्हणजे दोन वेळापत्रकं, सुट्टीचे दोन तक्ते, आणि पाऊस झाला की दोन टोकांना अडकलेल्या दोन बस.

रिंग रोडचा एक गुण बाहेरच्याला नकाशावर दिसत नाही: त्याची बाजू. ऑफिस, शाळा आणि घर रस्त्याच्या एकाच बाजूला आहेत की नाहीत हे बघा. पलीकडच्या बाजूला जायला सर्व्हिस रोड, मग पुढचा यू-टर्न किंवा अंडरपास. नकाशावर चारशे मीटर दिसणारं अंतर सकाळी साडेआठला पंधरा-वीस मिनिटांचं होतं. पनत्तूरच्या रेल्वेपुलाखालची कोंडी अशीच प्रसिद्ध आहे. तिच्या एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला शाळा असेल तर तो पर्याय खोडूनच टाका. गूगल मॅप्समध्ये निघण्याची वेळ मंगळवार सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ अशी टाकून जो पल्ला दाखवतो, त्यातला वरचा आकडा धरा. पर्पल मेट्रो व्हाईटफील्ड, केआर पुरम, इंदिरानगर अशी जाते. मारतहळ्ळीला ती नाही. बांधकाम चालू असलेल्या मार्गावरचं ‘नियोजित स्टेशन पाच मिनिटांवर’ हे घरमालकाच्या जाहिरातीत शोभून दिसतं, तुमच्या हिशेबात घेऊ नका. चालू स्टेशनच मोजा. आणि ऑफिसला तीन दिवसच जायचंय, शाळेला पाच-सहा दिवस. घर शाळेकडे सरकवा.

इथवर आलात की इमारती उरतात मोजक्या. आता पाणी.

बेंगळुरूत घर बघायला गेलेला माणूस मॉड्युलर किचन बघतो, क्लबहाऊस बघतो, नळ सोडून पाण्याची धार बघतो. ती धार काहीच सांगत नाही. गच्चीवरची टाकी भरलेली असली की धार येतेच. टाकी कशाने भरते ते विचारायचं असतं. पाणी तीन वाटांनी येतं: जलमंडळाचं कावेरीचं, इमारतीच्या बोअरचं आणि टँकरचं. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअर आटले तेव्हा ज्या सोसायट्या तिसऱ्या वाटेवर होत्या त्यांचे हाल झाले. प्रशासनाला टँकरचे दर बांधून द्यावे लागले. १२,००० लिटरच्या टँकरला पाच किलोमीटरच्या आत १,००० रुपये असा तो दर होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, शहराच्या कडेच्या ११० गावांसाठी रोज ७७.५ कोटी लिटर. त्यामुळे आता एजंट सर्रास ‘कावेरी आहे’ म्हणतो. रस्त्यात पाइप आली म्हणजे इमारतीत पाणी आलं असं नव्हे. मोठ्या सोसायटीला जोडणीसाठी जलमंडळाकडे फ्लॅटमागे भरघोस रक्कम भरावी लागते, आणि बऱ्याच सोसायट्या तिथेच घुटमळतात.

म्हणून सोसायटीच्या ऑफिसात बसा आणि दोन कागद मागा: जलमंडळाचं मागच्या महिन्याचं बिल आणि गेटवरचं टँकरचं रजिस्टर, एप्रिल-मे महिन्यांचं. हिशेब तिथल्या तिथे करता येतो. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं मानक. चौघांचं घर ५४० लिटर. शंभर फ्लॅट असतील तर रोज ५४,००० लिटर, म्हणजे १२,००० लिटरचे साडेचार टँकर. रजिस्टरमध्ये मे महिन्यात रोज चार-पाच नोंदी दिसल्या तर ती इमारत पूर्ण टँकरवर आहे, मॅनेजर काहीही सांगो. रोज एक नोंद असेल तर टँकर पूरक आहे, चालेल. रजिस्टर ‘आत्ता इथे नाही’ असं उत्तर आलं तर वॉचमनला विचारा. टँकरला फाटक तोच उघडतो, त्याला रात्री कितीदा उठावं लागलं ते त्याच्या लक्षात असतं.

पाण्याची प्रतही बघा. खिशात मावणारं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, घेऊन जा. किचनच्या नळाचं पाणी ग्लासात धरून बघा: भारतीय मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य, आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत. बोअरचं पाणी बरेचदा या दोन्हींच्या मधलं निघतं. बाथरूमच्या नळाच्या तोंडाशी पांढरा खर आणि काचेवर डाग हे कठीणपणाचं लक्षण. केस आणि गीझर दोन्हींची वाट लागते, पण त्यावर सॉफ्टनर आहे. फ्लोराइड मात्र टीडीएस मीटरमध्ये दिसत नाही. त्याची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १.५. लहान मुलाचे कायमचे दात आत घडत असतात तेव्हा जादा फ्लोराइडने त्यांच्यावर जन्माचे डाग पडतात. इमारत बोअरवर असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल मागा, आणि नसेल तर पिण्याचं पाणी आरओचंच ठेवा.

पाणी कमी पडण्याइतकाच ते जास्त होण्याचाही प्रश्न आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूर, सर्जापूर रोड, वर्तूर या पट्ट्यात महागड्या बंगल्यांतून माणसं ट्रॅक्टरने काढावी लागली. या भागातले तलाव एकाखाली एक साखळीने जोडलेले होते आणि त्यांना जोडणाऱ्या ओढ्यांना कन्नडमध्ये राजकालुवे म्हणतात. त्यावर भराव पडला की पाणी जुनीच वाट शोधतं. राज्य सरकारचं ‘दिशांक’ ॲप फोनवर घ्या. इमारतीच्या दारात उभं राहून उघडलं की सर्व्हे नंबर, तलाव आणि ओढ्याच्या रेषा दिसतात. रेषा कंपाउंडमधून जात असेल तर तळमजला आणि तळघरातलं पार्किंग दोन्ही नको. शेजारच्या किराणा दुकानाच्या शटरवर खाली गंजाची आडवी रेघ आहे का बघा. पूर कुठवर आला होता ते ती रेघ सांगते.

बाकीच्या गोष्टी एका फेरीत उरकतात, फक्त फेरी संध्याकाळी सात-साडेसातला मारा, दुपारी नव्हे. फूटपाथ सलग आहे का, दिवे लागतात का, बसथांब्यापासून फाटकापर्यंत मुलगी एकटी येऊ शकेल का, भटक्या कुत्र्यांचा कळप कुठे बसतो. इमारत महापालिकेच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या, हेही विचारा. सप्टेंबर २०२५ पासून जुन्या महापालिकेच्या जागी ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण आणि पाच महापालिका आल्या आहेत. कडेच्या काही इमारती अजूनही पंचायतीत आहेत आणि तिथे कचरा, दिवे, रस्ता सगळं सोसायटीच्या खर्चाने. भोगवटा प्रमाणपत्र आहे का ते भाड्याने राहणाऱ्यानेही विचारावं, कारण ते नसलं की वीज आणि पाण्याच्या जोडण्या तात्पुरत्या असू शकतात. लिफ्टला बॅकअप आहे एवढ्यावर समाधान मानू नका. घरातल्या कुठल्या पॉइंटना आहे आणि जनरेटरच्या युनिटचा दर किती, ते बिलावर बघा.

रात्री मूल तापाने फणफणलं तर जायचं ते हॉस्पिटल कुठलं, हे आधी ठरवा. बालरोगतज्ज्ञ रात्री प्रत्यक्ष हजर असतो की फोनवर, ते तिथे फोन करून कळतं. तुमच्या आरोग्य विम्याच्या कॅशलेस यादीत ते आहे का बघा, आणि पॉलिसी शहरांच्या झोनप्रमाणे असेल तर नाशिकच्या झोनची पॉलिसी बेंगळुरूत वापरताना काही टक्के रक्कम तुमच्या खिशातून जाऊ शकते. पत्ता बदलून फरक भरून टाका.

‘सुरक्षित शहर’ अशा याद्यांवर फार विसंबू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे हे नोंदलेल्या गुन्ह्यांचे असतात. जिथे पोलिस तक्रार लगेच नोंदवून घेतात तिथे आकडा फुगतो, आणि दडपतात तिथे तो देखणा दिसतो. गल्लीची पारख गल्लीतच होते.

मराठी मंडळाजवळ घर घ्यावं का, असा एक प्रश्न हमखास येतो. मंडळाशी संबंध ठेवा, गणपतीला जा, पण घर त्यासाठी निवडू नका. वर्षातले आठ दिवस बाकीच्या साडेतीनशेंवर भारी पडायला नकोत.

घर पहिले अकरा महिने भाड्यानेच घ्या, विकत घ्यायची ऐपत असली तरी. वर्षाच्या वर मुदतीचा करार नोंदणीकृत करावा लागतो, म्हणून सगळीकडे अकराचा रिवाज पडला. महाराष्ट्रात आपल्याला लीव्ह अँड लायसन्स नोंदवायची सवय असते. इथे ई-स्टॅम्पवर केलेला, फार तर नोटरी केलेला करार समोर येतो. डिपॉझिट पूर्वी दहा महिन्यांचं असे, आता घासाघीस केली की पाच-सहावर येतं. केंद्राच्या २०२१ च्या नमुना भाडेकरू कायद्यात दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. तो दाखवून घरमालकाशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा दोन ओळी करारात घालून घ्या. एक, घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापण्याचा इथला रिवाज आहे. ते कापायचं की नाही आणि किती, हे आकड्यात लिहा. दोन, चाव्या दिल्यापासून किती दिवसांत डिपॉझिट परत, हेही लिहा. ताबा घेताना प्रत्येक खोलीचा, नळाचा, गीझरचा व्हिडिओ काढून घरमालकाला त्याच दिवशी पाठवा. भाडं महिना ५०,००० रुपयांच्या वर असेल तर २ टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, भाड्यातून कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूची. मालक परदेशात राहणारा असेल तर दर आणि पद्धत दोन्ही वेगळी, तेव्हा तो कुठे राहतो ते आधीच विचारा.

गाडीचंही ठरवून टाका. एमएच पासिंगची गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपर्यंत चालते. त्यापुढे तिथला नंबर घ्यावा लागतो: नाशिक आरटीओकडून फॉर्म २८ वर ना हरकत, मग कर्नाटकाचा रोड टॅक्स, मग इकडच्या उरलेल्या वर्षांच्या करपरताव्याचा अर्ज. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचंही पत्र लागतं. कर्नाटकाचा कर चांगलाच घसघशीत आहे, त्यामुळे जुनी गाडी असेल तर ती नाशिकलाच विकून टाकणं बहुधा परवडतं. नवीन घेणार असाल आणि कंपनीची चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं असतील तर देशभर चालणारा बीएच मालिकेचा नंबर मिळू शकतो, कंपनीच्या फॉर्म ६० वर. मतदार यादीसाठी फॉर्म ८. अन्नसुरक्षा योजनेतलं रेशनकार्ड देशात कुठेही चालतं.

हा सगळा क्रम दिल्लीकडे जाणाऱ्यांना वेगळा लागतो, कारण तिथे एरिया निवडला की राज्यच निवडलं जातं. दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा एकाच मेट्रोने जोडलेले असले तरी तीन सरकारं आहेत. बारावी दिल्लीतल्या शाळेतून झाली की तिथल्या राज्य सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजांत ८५ टक्के जागांचा कोटा खुला होतो, रस्ता ओलांडून नोएडातल्या शाळेतून झाली की नाही. आणि हवेचा निर्देशांक चारशेच्या वर गेला की शाळा पूर्ण किंवा अर्धवट ऑनलाइन होऊ शकतात, तेव्हा घरी कोण थांबणार हे आधी ठरवावं लागतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर एचएसआर, व्हाईटफील्ड, सर्जापूर रोड यांपैकी कुठल्याच नावावर अडकू नका. मारतहळ्ळीपासून रिंग रोडच्या दोन्ही बाजूंनी सात-आठ किलोमीटरचा पट्टा धरा, त्यातल्या दहा-बारा शाळांना आठवी आणि यूकेजी अशा दोन जागा एकत्र आहेत का ते विचारा. दोन-तीनच होकार येतील. त्या शाळांच्या भोवतीच फिरा. होकार फक्त मुलाला आला आणि मुलीला एकही नाही, असंही होतं. आठवीला जागा फार थोड्या असतात. तसं झालं तर मिळेल त्या शाळेत तिला कोंबू नका. नोकरी लागलेल्याने आधी एकट्याने जावं, पीजीत किंवा कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये राहावं. मुलीचं नाशिकच्या शाळेतलं आठवीचं वर्ष चालू राहू द्या, मुलालाही तिथेच पहिलीत बसवा, आणि ऑक्टोबरात पुढच्या वर्षाच्या नववीसाठी आणि दुसरीसाठी अर्ज भरा. पहिली पूर्ण केल्याचा दाखला हातात असला की मुलाच्या वयाचा तो १ जूनचा पेचही बहुधा सुटतो. नववीची नोंदणी नव्या शाळेतून वेळेत झाली की बोर्डाच्या दृष्टीने मुलीचंही काही बिघडत नाही.